रसायनशास्त्र, बालशिक्षण आणि ‘बायकांचा कल’

अमेरिकेत ‘कम्युनिटी कॉलेज’ नावाची एक संस्था गावोगावी असते. आपल्याकडच्या वाचकांना तिची फारशी ओळख नसते, कारण इकडून शिकायला जाणारी मुले थेट मोठ्या विद्यापीठांत जातात. कम्युनिटी कॉलेज हे त्या त्या भागातल्या लोकांसाठी असते. पहिले असे कॉलेज १९०१ साली इलिनॉय राज्यातल्या जोलिएट गावी सुरू झाले. १९४७ साली अध्यक्ष ट्रूमन यांनी नेमलेल्या उच्चशिक्षण आयोगाने अहवाल दिला आणि त्यानंतर ही कल्पना देशभर पसरली. आज तिथे अशी हजाराच्या आसपास कॉलेजे आहेत. प्रवेशाला वयाची अट नाही, गुणांची स्पर्धा नाही. दोन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा करून नोकरी धरता येते किंवा तिथले विषय जमेस धरून विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला जाता येते. कारखान्यातला कामगार, साफसफाई करणारी बाई, शाळा अर्धवट सोडलेली आई, अशा साऱ्यांना पुन्हा शिकण्याचे दार उघडे ठेवणारी ही व्यवस्था आहे, आणि मला तिच्याबद्दल आदर आहे. म्हणूनच तिच्यातल्या एका गोष्टीबद्दल लिहावेसे वाटते.

मी मुंबईत समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेतली. गेली काही वर्षे कॅलिफोर्नियात, भारतीय उपखंडातून आलेल्या स्त्रियांसाठी काम करणाऱ्या एका गटाबरोबर आहे. आमच्याकडे येणाऱ्यांत मराठी बायका पुष्कळ असतात. बहुतेक जणी नवऱ्याच्या नोकरीमुळे इथे आलेल्या. नवऱ्याकडे एच-१बी व्हिसा आणि बायकोकडे त्याच्यावर अवलंबून असलेला एच-४. या व्हिसावर तिला शिकता येते, पण कमावता येत नाही. मे २०१५ पासून यांतल्या काही जणींना, म्हणजे ज्यांच्या नवऱ्याचा ग्रीन कार्डाचा अर्ज ठराविक टप्प्यापर्यंत पोचला आहे अशांना, कामाचा परवाना मागता येऊ लागला. बाकीच्यांना तीही सोय नाही.

मग दिवसभर घरात बसून करायचे काय? पहिला उपाय सुचतो तो कम्युनिटी कॉलेजचा. कॅलिफोर्नियात वर्षभर राहून राज्याचे रहिवासी ठरले की एका युनिटला ४६ डॉलर पडतात. तीन युनिटांचा एक विषय १३८ डॉलरांत होतो. घरखर्चातून तेवढे निघू शकतात, नवऱ्याचीही हरकत नसते. आमच्याकडे येणारी बाई अशा वेळी कॉलेजच्या समुपदेशकाकडे जाऊन आलेली असते, आणि तिच्या हातात बहुधा एकाच विभागाचा कागद असतो : बालशिक्षण.

यांतल्या काही जणींचे पूर्वीचे शिक्षण काय आहे ते ऐका. एकीने पुण्यात रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलेले. दुसरी बी.एस्सी. होऊन अंबरनाथच्या एका रंगाच्या कारखान्यात चार वर्षे गुणवत्ता तपासणीच्या प्रयोगशाळेत होती. तिसरी औषधनिर्मिती शिकलेली. कॉलेजात रसायनशास्त्राचाही विभाग आहे, प्रयोगशाळा आहे, तंत्रज्ञ होण्यासाठीचे अभ्यासक्रम आहेत. तरी या तिघींनाही सल्ला मिळाला तो लहान मुलांना शिकवण्याचा. मी स्वतः एच-४ वर आले तेव्हा मलाही हाच सल्ला मिळाला होता. माझे समाजकार्यातले शिक्षण काय, हे विचारण्याआधी मला मूल आहे का हे विचारले गेले.

हा सल्ला देणारी माणसे वाईट नसतात. त्यांच्याकडे कारणे असतात आणि ती खोटीही नसतात. कॅलिफोर्नियात परवानाधारक बालकेंद्रात पूर्ण पात्र शिक्षिका व्हायला बालशिक्षणाची बारा युनिटे आणि सहा महिन्यांचा अनुभव लागतो. सहा युनिटे झाली की शिकत शिकत कामावर लागता येते. वर्ग संध्याकाळी असतात, शनिवारी असतात, घरबसल्याही करता येतात. उलट रसायनशास्त्राच्या एका पाच युनिटांच्या विषयाला बहुतेक ठिकाणी आठवड्याला तीन तास व्याख्यान आणि सहा तास प्रयोगशाळा असते, आणि त्याआधी गणिताची अट पुरी करावी लागते. आपली तीन वर्षांची बी.एस्सी. तिथल्या चार वर्षांच्या पदवीबरोबरीची धरायला बरीच विद्यापीठे तयार नसतात. तेव्हा समुपदेशक म्हणतो, तुम्हाला लवकर काहीतरी हाती हवे आहे ना, मग हेच बरे. वर एक वाक्य जोडले जाते : तुम्हाला मुलांची सवय आहेच.

माझा आक्षेप इथून सुरू होतो. ज्या बाईला एक मूल आहे तिला ‘मुलांची सवय’ आहे, पण जिने चार वर्षे टायट्रेशन केले तिला रसायनांची सवय आहे, असे कोणाला का सुचत नाही? तिचे आईपण ही पात्रता ठरते आणि तिची पदवी मात्र अडचण ठरते. आपल्याकडे मुलगी बारावीला असताना ‘तिचा कल’ पाहून विषय ठरवतात, त्याची मला आठवण होते. कल तिचा असतो की घरातल्या कामाच्या वाटणीचा, हे तेव्हाही कोणी तपासत नाही.

बालशिक्षण हलके नाही

इथे एक गैरसमज आधीच दूर करायला हवा. बालशिक्षण हा बायकी विषय आहे, तो सोडा आणि ‘खऱ्या’ विज्ञानाकडे या, असे मला म्हणायचे नाही. स्त्रियांनी केलेले काम हलके आणि पुरुषांनी केलेले भारी, हाच तराजू उलट्या हाताने धरण्यासारखे ते होईल.

मी हा अभ्यासक्रम जवळून पाहिला आहे. मुलाचे निरीक्षण करायचे, पण निष्कर्ष घाईने काढायचा नाही. काय दिसले आणि आपल्याला काय वाटले यांची नोंद वेगळी ठेवायची. दोन वर्षांचे मूल चावते तेव्हा त्याला भाषा कमी पडते आहे का ते पाहायचे. हे काम प्रयोगवहीइतक्याच शिस्तीचे आहे. आपल्याकडे ताराबाई मोडकांनी १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाच्या स्थापनेत भाग घेतला आणि १९४५ मध्ये बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले. पुढे कोसबाडला अनुताई वाघांबरोबर आदिवासी मुलांसाठी अंगणवाडी आणि कुरणशाळा चालवल्या. तेव्हा त्यांनीही हेच सिद्ध केले, की लहान मुलाला शिकवायला मायेच्या जोडीला शास्त्र लागते. ‘अंगणवाडी’ हा शब्द आज देशभर चालतो, तो याच कामातून आलेला आहे.

आणि रसायनशास्त्राकडे पाहिले तर कमला सोहोनींचे उदाहरण आहे. १९३३ साली मुंबई विद्यापीठातून रसायनशास्त्र घेऊन पहिल्या आलेल्या या मुलीला बंगलोरच्या विज्ञानसंस्थेत सर सी. व्ही. रामन यांनी केवळ मुलगी म्हणून प्रवेश नाकारला. तिने हट्टच धरला, तेव्हा वर्षभर पारखून पाहण्याच्या अटीवर घेतले. १९३९ मध्ये तिने केंब्रिजची डॉक्टरेट मिळवली. म्हणजे एकीला विज्ञानाच्या दारात अडवले आणि दुसरीने घडवलेल्या विज्ञानाला विज्ञान म्हणायलाच समाज तयार झाला नाही. या दोन गोष्टी मला वेगळ्या वाटत नाहीत.

पगाराचा प्रश्न

सल्ला देताना सहसा जी गोष्ट सांगितली जात नाही ती पगाराची. अमेरिकेच्या सरकारी कामगार सांख्यिकी विभागाचे २०२४ चे आकडे पाहा. मुले सांभाळणाऱ्या कामगारांचा मध्यक पगार तासाला १५.४१ डॉलर होता, म्हणजे निम्म्या जणींना याहून कमी. बालवाडी शिक्षिकेला वर्षाला सुमारे ३७ हजार डॉलर. दोन वर्षांच्या पदवीवर लागणाऱ्या रसायन तंत्रज्ञाला ५५ हजारांच्या पुढे. दोन्ही अभ्यासक्रम एकाच कॉलेजात, एकाच फीमध्ये, जवळजवळ शेजारच्या इमारतींत शिकवले जातात. एकीकडे काचेची भांडी आणि द्रावणे सांभाळायची, दुसरीकडे माणसाची तीन वर्षांची पोरे. आणि मुले सांभाळणाऱ्यांमध्ये शंभरातल्या नव्वदहून जास्त बायका आहेत. त्यांतही स्थलांतरित आणि काळ्या बायकांचा भरणा मोठा.

हे काम जर निसर्गानेच बायकांना येत असेल, तर बारा युनिटे कशाला हवीत? आणि त्यासाठी अभ्यास, परीक्षा, परवाना लागत असेल, तर मग पगार निसर्गाच्या हिशेबाने का? मला यांतल्या एका प्रश्नाचे तरी उत्तर हवे आहे.

आमच्या बायकांच्या बाबतीत व्हिसाचा आणखी एक पेच आहे. एच-४ वरून सुटून स्वतःच्या नावाचा कामाचा व्हिसा मिळवायचा तर नोकरी विशेष ज्ञानाची, निदान पदवी लागणारी असावी लागते. बारा युनिटांच्या बालकेंद्रातल्या नोकरीला तो मिळत नाही. रसायनशास्त्राची पदवी तिथल्या विद्यापीठात जाऊन पुरी केली तर निदान वाट तरी असते. म्हणजे ‘लवकर काहीतरी हाती’ म्हणून दिलेला सल्ला तिला नवऱ्याच्या कागदपत्रांना आणखी घट्ट बांधून ठेवतो.

ही गोष्ट कागदापुरती राहत नाही. मारहाण होत असलेली बाई आमच्याकडे येते तेव्हा पहिला प्रश्न तिच्या जखमांचा असतो आणि दुसरा तिच्या व्हिसाचा. घटस्फोट झाला की तिचा एच-४ संपतो. अशा बायकांना स्वतंत्र कामाचा परवाना देण्याची तरतूद २००५ च्या कायद्यात झाली. प्रत्यक्ष अर्ज स्वीकारायला २०१७ साल उजाडले. या बारा वर्षांत किती जणी मुकाट्याने परत घरी गेल्या असतील याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही. तेव्हा कोणता अभ्यासक्रम निवडायचा हा प्रश्न आवडीनिवडीचा आहे असे समजू नका. संकटाच्या वेळी बाईला घराचा उंबरा ओलांडता येईल की नाही, हे बऱ्याचदा त्यावर ठरते.

दोन विभागांमधला धागा

पण समजा, ती म्हणाली की मला रसायनशास्त्रच शिकायचे आहे. मग काय होते?

प्रयोगशाळा दुपारी एक ते चार, आठवड्यातून दोनदा. आम्लांच्या बाटल्या असलेल्या खोलीत मूल नेता येत नाही, आणि ते योग्यच आहे. आई-सासू सातासमुद्रापलीकडे. नवऱ्याला कामावरून येता येत नाही किंवा यावेसे वाटत नाही. पाळणाघरात ठेवायचे तर कॅलिफोर्नियात तान्ह्या मुलाला महिन्याला हजार डॉलरांच्या वर सहज जातात. २३० डॉलरांचा विषय शिकण्यासाठी त्याच्या कितीतरी पट पैसे पाळणाघराला द्यायचे! घरात हा हिशेब मांडला की उत्तर आधीच ठरलेले असते.

आता पाळणाघर इतके महाग, आणि तिथे काम करणारी शिक्षिका इतकी गरीब, हे कसे? कारण एका बाईने मोजक्याच तान्ह्यांना सांभाळायचे हा नियम आहे, आणि तो असायलाच हवा. जागा, विमा, पगार हा सारा खर्च मोजक्या आईबापांवर पडतो. सरकार बहुतांशी हात झटकून बाजूला उभे आहे. फी कमी करायची तर शिक्षिकेचा पगार कापायचा, पगार वाढवायचा तर विद्यार्थिनी आईची फी वाढवायची. रसायनशास्त्र शिकू पाहणारी बाई आणि बालशिक्षण शिकलेली बाई, दोघी एकमेकींच्या समोर उभ्या केल्या जातात. दोघींची अडचण एकच आहे हे लक्षात येऊ नये अशीच ही रचना आहे.

हे अटळ नव्हते. दुसऱ्या महायुद्धात बायकांची गरज होती तेव्हा पोर्टलंडच्या जहाजबांधणी कारखान्यांच्या दारात १९४३ साली उत्तम बालकेंद्रे उभी राहिली. पाळ्यांच्या वेळा सांभाळून ती चालत. युद्ध संपले, बायकांना घरी धाडले आणि केंद्रे बंद झाली. १९७१ मध्ये अमेरिकन संसदेने देशभर बालसंगोपनाची सोय करणारा कायदा मंजूर केला. अध्यक्ष निक्सन यांनी त्यावर नकाराधिकार वापरला. कुटुंबाने मूल वाढवण्याची रीत त्याने मोडेल, असे कारण दिले. कुटुंब म्हणजे इथे कोण, हे सांगायला नको. करोनाच्या काळात केंद्र सरकारने बालकेंद्रे तगवण्यासाठी २४ अब्ज डॉलर दिले, तेही सप्टेंबर २०२३ ला संपले. पैसा नाही असे नाही. बायकांची गरज पडते तेव्हा तो येतो आणि गरज सरली की जातो.

इकडची परिस्थिती

तिकडच्या गोष्टी आम्हाला कशाला, असे कोणी विचारील. आपल्याकडे चित्र वेगळे आहे काय? एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली. पन्नास वर्षे झाली तरी अंगणवाडी सेविकेला मिळते ते ‘मानधन’. २०१८ मध्ये केंद्राने ते महिना ३००० वरून ४५०० रुपये केले, राज्ये त्यात आपली भर घालतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने बारावी झालेल्या सेविकांना सहा महिन्यांचे आणि त्याहून कमी शिकलेल्यांना वर्षभराचे बालशिक्षणाचे प्रशिक्षण सुचवले. प्रशिक्षण अवश्य द्यावे. पण शिक्षिकेचे प्रशिक्षण द्यायचे आणि पगार मात्र सेवेचा ठेवायचा, हे कॅलिफोर्नियात होते तेच इथे होते. २५ एप्रिल २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने सेविकांना ग्रॅच्युइटीचा कायदा लागू आहे असा निकाल दिला. तोही सेविकांनी लढून मिळवला. डिसेंबर २०२३ पासून महाराष्ट्रातल्या अंगणवाड्या कित्येक आठवडे संपावर होत्या हे वाचकांना आठवत असेल.

रसायनाच्या बाजूलाही तेच. १९४८ च्या कारखाने कायद्यात तीसपेक्षा जास्त स्त्री-कामगार असतील तर पाळणाघराची सक्ती होती. त्याचा परिणाम असा, की बायकांची संख्या तिसाच्या आत ठेवणे मालकाच्या फायद्याचे झाले. पाळणाघर हा बायकांवरचा खर्च ठरला. २०१७ च्या मातृत्व लाभ कायद्यातल्या दुरुस्तीने पन्नास कर्मचारी असले की पाळणाघर, मग ते पुरुष असोत की स्त्रिया, अशी तरतूद आणली. मुलाला बापही असतो हे कायद्याला कळायला जवळजवळ सत्तर वर्षे लागली. अंमलबजावणी किती झाली आहे हे आपापल्या भागातल्या कारखान्यांत जाऊन पाहा.

काय करता येईल

आमच्या गटाने काही मागण्या स्थानिक कॉलेजांपुढे मांडायला सुरुवात केली आहे. समुपदेशकाने पहिला प्रश्न बाईच्या आधीच्या शिक्षणाचा आणि कामाचा विचारावा. दोन्ही वाटांचा पगार, काळ आणि व्हिसावरचा परिणाम तिच्यासमोर लेखी ठेवावा. प्रयोगशाळेच्या वेळात कॉलेजच्या आवारात मुलांची सोय असावी. काही कॉलेजांत बालशिक्षण विभागाची स्वतःची बालकेंद्रे आहेत आणि विद्यार्थी-पालकांच्या मुलांसाठी केंद्र सरकारचे अनुदानही १९९८ पासून आहे, पण जागा तोकड्या पडतात. तिथे शिकाऊ म्हणून काम करणाऱ्या विद्यार्थिनींना त्या तासांचे पैसे मिळावेत. आणि सर्वांत मोठी मागणी म्हणजे बालशिक्षिकेचा पगार शाळेतल्या शिक्षकाच्या बरोबरीला आणावा, तो आईबापांच्या खिशातून न घेता करातून द्यावा. वॉशिंग्टन शहराने २०२१ साली मोठ्या मिळकतींवरचा कर वाढवून असा निधी उभारला आणि २०२२ पासून बालशिक्षिकांच्या हातात पैसे पडू लागले. पुढे त्याला कात्री लावायचे प्रयत्न झाले, पण करता येते एवढे तर दिसले.

ज्यांच्या मुली, बहिणी, भाच्या लग्न होऊन परदेशी निघाल्या आहेत त्यांना एक सांगणे आहे. दागिन्यांची आणि लोणच्यांची यादी करताना आणखी एक यादी करा. विद्यापीठातून सर्व वर्षांच्या गुणपत्रिकांची अधिकृत प्रत बंद लिफाफ्यात घ्या. प्रत्येक विषयाचा छापील अभ्यासक्रम, प्रयोगशाळेच्या तासांसह, शिक्का मारून घ्या. नोकरी केली असेल तर कामाचे स्वरूप लिहिलेले पत्र घ्या. हे सारे तिच्याच ताब्यात राहू द्या, नवऱ्याच्या कपाटात नको. तिथून हे मागवायला महिनोन्‌महिने जातात आणि तेवढ्यात ‘सोपे काहीतरी’ निवडून झालेले असते.

आणि जिला मनापासून बालशिक्षण शिकायचे आहे तिने ते जरूर शिकावे. तिच्यासारखी शिक्षिका माझ्या मुलाला मिळाली तर मी तिची ऋणी राहीन. पण ऋणावर तिचे घरभाडे निघत नाही. तिच्या पगारासाठी आपण तिच्याबरोबर उभ्या राहिलो, तरच दुसरीला निर्धास्तपणे प्रयोगशाळेत जाता येईल.

आपापल्या भागात बालवाडीच्या अभ्यासक्रमाकडे किंवा विज्ञानाकडे मुलींना कसे वळवले जाते, कोण वळवते, त्यांना पुढे काय मिळते, याबद्दलचे तुमचे अनुभव पुढच्या अंकासाठी अवश्य लिहून पाठवा. अंगणवाडीत आणि कारखान्यात काम करणाऱ्या मैत्रिणींनी तर जरूर लिहावे.